लहान साक्ष

५ जून २०२३, सोमवार

मिशनच्या समितीचं पत्र आलं. पंधरवड्यात मुलं येणार, पाच जण, वर्षभरासाठी. सुवार्तेच्या कामाला स्वतःला वाहून घ्यायचं म्हणून घरदार सोडून निघालेली मुलं. राहुरीजवळच्या जुन्या मिशन बंगल्यात त्यांच्याबरोबर राहायचं, त्यांना शिकवायचं, घडवायचं. पत्रात यांच्या नावापुढे नेहमीसारखं 'व सौ.' नाही. दोघांची नावं वेगवेगळी लिहिली आहेत आणि जबाबदारी दोघांवर सारखी टाकली आहे. हे खूश. मी पत्र पुन्हा वाचलं आणि पोटात गोळा आला.

भीती कामाची नाही. उभा जन्म शाळेत आणि वसतिगृहात गेला. मुलांचे ताप, भांडणं, रुसवे, घरच्या आठवणीने उशीत तोंड खुपसून रडणं, हे सगळं मला निभावता येतं. भीती निराळी आहे आणि यांच्याखेरीज कुणाजवळ मी ती बोललेली नाही. मला साक्ष नाही.

आमच्या मंडळ्यांत साक्ष म्हणजे तारणाचा दिवस सांगता येणं. अमुक साली, अमुक ठिकाणी प्रभूने मला गाठलं. यांची आहे. कॉलेजात नापास होऊन घर सोडलं, रात्रभर नगर स्टेशनच्या बाकावर बसले, कुणा अनोळखी माणसाने हातात ठेवलेलं लूकचं शुभवर्तमान वाचलं आणि पहाटे घरी परतले. हे सांगू लागले की सभेत माणसं डोळे पुसतात. माझ्याकडे तसं काही नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात माझ्या पणजीला मिशनच्या लोकांनी रस्त्यावरून उचलून आणलं, तिथून येशू आमच्या घरात आला. माझा बाप्तिस्मा पाळण्यात झाला. मग शब्बाथशाळा, दृढीकरण, गायनमंडळ. मला प्रार्थनेत कधी आवाज ऐकू आला नाही. रोज पहाटे उठून बसते, एवढंच. ज्या मुलांना देवाने नावाने हाक मारली आहे, त्यांच्या आत्म्याची राखण मी कशी करणार?

यांना म्हटलं, "तुम्ही एकटेच घ्या ही जबाबदारी. मी स्वयंपाकपाणी बघते." हे म्हणाले, "मग मीही नाही म्हणून कळवतो." आणि खरंच कागद घेऊन बसले. मीच तो काढून घेतला.

१७ जून, शनिवार

मुलं आली. पाऊस नाही, टँकर सांगावा लागला. मुली आल्या आल्या हंडे भरायला धावल्या, मुलगे मागे. एक मुलगा नवापूरचा, घरी मावची बोलतो, मराठी जपून बोलतो. एक जालन्याचा, बोटं सारखी तबला वाजवल्यासारखी हलत असतात. एक मिरजेचा, उंच, वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेला. मुलींपैकी एक मेळघाटातली कोरकू, दुसरी बीड जिल्ह्यातली. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि तिची अर्धी शाळा कारखान्यांच्या तळांवर झाली आहे. आम्हाला 'साहेब' आणि 'बाई' म्हणतात. बरं वाटलं. 'बाई' ऐकायची कानांना सवय आहे.

संध्याकाळी सगळे गोल बसलो आणि मला भीती होती तेच झालं. ओळख म्हणून एकेकाने साक्ष द्यायची. मिरजेचा मुलगा सुंदर बोलला. तो बोलताना जालन्याच्याची बोटंसुद्धा थांबली. कोरकू मुलीला मध्येच रडू आलं. बीडची दोनच वाक्यं बोलली आणि खाली बघत राहिली. यांनी आपली सांगितली. मग माझी पाळी. हे माझ्याकडे बघत होते, पण मदतीला आले नाहीत. ते मला तेव्हा लागलं, आता वाटतं बरं केलं. मी म्हणाले, "मी ख्रिस्ती घरात जन्मले. मला तारणाचा दिवस सांगता येत नाही. रोज पहाटे प्रार्थना करते. ती ऐकली जाते यावर माझा विश्वास आहे, कधी जास्त, कधी कमी."

कुणीच काही बोललं नाही. बीडच्या मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, एवढं मात्र नोंदवून ठेवते.

८ जुलै, शनिवार

मुलांना केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन दाखवून आणलं. दौंडला गाडी बदलताना जालन्याचा मुलगा भेळ घ्यायला उतरला आणि गाडी सुटता सुटता चढला. हे त्याच्यावर चांगलेच रागावले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः बायबलचं भाषांतर केलं, आश्रमातल्याच मुलींनी ते छापलं, १९२२ च्या एप्रिलमध्ये काम हातावेगळं होताच बाई गेल्या, हे सगळं मुलांनी मन लावून ऐकलं. तिथल्या १९०५ च्या जागृतीची हकीकत हे सांगू लागले, मुली रात्ररात्र प्रार्थनेत कशा असत, तेव्हा मिरजेच्या मुलाचा चेहरा फुलला.

परतताना माझ्या डोक्यात मात्र दोनच सालं घोळत होती. रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेजला झाला १८८३ मध्ये. आणि १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या स्वच्छ लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा राहिला होता. विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचं आत्मचरित्र वाचताना त्यांना ते लख्ख दिसलं. हे हॅस्लमसाहेबही पाळक होऊन बरीच वर्षं झाल्यावर आपल्याच व्यासपीठावर, आपलाच उपदेश चालू असताना बदलले.

ही हकीकत मी पूर्वीही वाचली होती. आज गाडीत बसून मधल्या वर्षांचा हिशेब केला आणि छातीत धडधडलं. शारदा सदन मुंबईत उघडलं १८८९ मध्ये. म्हणजे टाकलेल्या, छळलेल्या विधवा मुलींना रमाबाईंनी पोटाशी धरलं तेव्हा त्यांच्याजवळ ती खात्री नव्हती. त्या मुलींना कुठे काही कमी पडलं? लक्ष्मीबाई टिळकांचंही तेच. त्यांचे पती टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ मध्ये, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. नवरा आवेशाने पुढे गेला म्हणून बायको मागोमाग फरफटत गेली नाही. तिला जेवढा वेळ लागायचा तेवढा तिने घेतला, आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य शेवटी तिनेच पुरं केलं.

मी रमाबाई नव्हे, लक्ष्मीबाईही नव्हे. पण ज्या गोष्टीला मी आयुष्यभर माझं उणेपण समजत आले, ती गोष्ट या दोघींच्या घरात होती आणि तिच्यामुळे काम अडलं नव्हतं. एवढं आज मला पक्कं कळलं.

२० जुलै, गुरुवार

नवापूरचा मुलगा परवा वस्तीवरून आनंदात आला. एका आजीबाईंचा खोकला प्रार्थनेने थांबला म्हणाला. सगळ्यांनी स्तुती केली. मी विचारलं, "आजी औषध घेतात का?" म्हणाला, घेत होत्या, टीबीच्या गोळ्या, बरं वाटलं म्हणून आता बंद केल्या. "तू बंद करायला सांगितलंस?" "नाही बाई. पण त्या म्हणाल्या, देवाने बरं केलं, आता गोळी कशाला. मी गप्प बसलो. मला वाटलं, विश्वास मोडायला नको."

त्याला ओसरीवर घेऊन बसले. टीबीच्या गोळ्या किमान सहा महिने घ्यायच्या असतात. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबतो, अंगाला मांस धरतं, आणि माणूस नेमका तिथेच चुकतो. मध्ये सोडल्या तर रोग त्याच गोळ्यांना दाद देईनासा होतो आणि घरातल्या नातवंडांनाही धरतो. तो ऐकत होता, पण चेहऱ्यावर मला दिसत होतं की बाईंचा विश्वासच लहान, असं त्याला वाटतंय. जून महिना असता तर मी तिथेच कच खाल्ली असती. म्हटलं, "उद्या आपण जाऊ. आणि आजींशी तू बोलायचंस."

यांना सांगितलं तर हे ताडकन म्हणाले, "मीही येतो." काल तिघे गेलो. आजींनी गोळ्यांची पाकिटं फडताळात बायबलच्या मागे ठेवली होती. टीबीच्या रुग्णांसाठीच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये खात्यात येत होते, आशाताई दोनदा येऊन दार वाजवून गेली होती, आजी तिला दाद देत नव्हत्या. मुलाने चाचरत सांगितलं, गोळ्या सोडायच्या नाहीत. आजी फटकन म्हणाल्या, "मंग तुमची प्रार्थना खोटी व्हती का?"

तो माझ्याकडे बघायला लागला. हेही माझ्याकडे बघायला लागले! मी आजींशेजारी जमिनीवर बसले. म्हटलं, "आजी, प्रार्थना खरी होती. तुमच्या दाराशी आशाताई आली, फुकट गोळ्या आल्या, हा पोरगा आला. आता गोळी हातात घ्या, आपण मिळून प्रार्थना करू आणि मग गोळी घ्या." आजींनी पाणी मागितलं. प्रार्थना कुणी करायची ते ठरलं नव्हतं, मीच केली. परक्या घरात, मोठ्याने, यांच्यादेखत.

वाटेत आशाताईंच्या घरी गेलो. खंड पडला आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवायला हवं, म्हणाल्या. आज मुलगा आजींना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेला.

रात्री यांनी नियम केला आणि फळ्यावर लिहिला: आजाऱ्यासाठी प्रार्थना केली की त्याच्या औषधाची चौकशी करायची, आणि बरं होण्याचं वचन कुणी कुणाला द्यायचं नाही.

२७ ऑगस्ट, रविवार

सबंध महिना कोरडा. बाजरी पोटऱ्यात येण्याआधीच वाळली. मंडळीत पावसासाठी प्रार्थना चालली आहे, गावात मारुतीला पाणी घालणं चाललं आहे.

काल रात्री मी भांडी आवरत होते. मिरजेचा मुलगा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. पाणी हवं असेल म्हणून तांब्या पुढे केला. घेतला नाही. म्हणाला, "बाई, मला प्रार्थनेत काहीच होत नाही." कधीपासून, विचारलं. इथे आल्यापासून. आधी व्हायचं, नाचावंसं वाटायचं. आता कोरडं. आणि दर रविवारी उभा राहून तो लोकांना सांगतो की प्रभू माझ्याशी बोलला. "मी खोटं बोलतोय, बाई. साहेबांना कसं सांगू?"

त्याला पाटावर बसवलं. मला वाटलं होतं, अशा वेळी माझ्याजवळ द्यायला काही नसेल. पण हा कोरडेपणा माझ्या ओळखीचा आहे, त्यात मी राहिलेय. त्याला सांगितलं की मी बहुतेक आयुष्य अशीच प्रार्थना करत आले आहे. तो बघतच राहिला. मग स्तोत्रसंहिता काढली. दीडशे स्तोत्रांमधली एक तृतीयांशाहून जास्त गाऱ्हाणी आहेत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तरुणांच्या सभांतून फक्त आनंदाची स्तोत्रं गातात. ८८ वं स्तोत्र त्याच्याकडून वाचून घेतलं. इतर बहुतेक गाऱ्हाणी शेवटी देवाच्या स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधाराशीच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि ते म्हणणारा माणूस रात्रंदिवस देवालाच हाका मारतो आहे. त्याने पुन्हा वाचलं, मग म्हणाला, "हे असं म्हणायला चालतं?"

चालतं. पण जे वाटत नाही ते वाटतं म्हणून लोकांना सांगायचं मात्र आजपासून बंद, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. रोज पहाटे माझ्याबरोबर बसायचं, एक स्तोत्र वाचायचं, वाटो न वाटो. आणि दुपारी कुणातरी एका आजाऱ्याकडे जायचं.

यांना त्याचं गुपित सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, महिनाभर याला उपदेशाला उभं करू नका. यांनी का ते विचारलं नाही. आज सकाळी त्याला टँकरचा हिशेब आणि मोटर सोपवली.

१४ सप्टेंबर, गुरुवार

आज पोळा. चारा नाही तरी गावाने बैल सजवले. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली. शेजारच्यांनी पुरणपोळीचं ताट पाठवलं.

आज वर्ग दोघांनी मिळून घेतला, पहिल्यांदाच. प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय. क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोममधून घालवलं, तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं करिंथात आलं. तंबू शिवून पोट भरणारी माणसं. पुढे इफिसात अपुल्लो आला. विद्वान, बोलण्यात आग, पण त्याला फक्त योहानाच्या बाप्तिस्म्यापर्यंतचंच माहीत. या दोघांनी त्याला सभास्थानात सर्वांदेखत टोकलं नाही. आपल्याकडे नेलं आणि नीट समजावलं. हे रोम, करिंथ, इफिस फळ्यावर काढून दाखवत होते आणि मी त्या घरात काय घडलं असेल ते सांगत होते: जाड कापड, टोचे, शिवता शिवता चाललेलं बोलणं, जेवण.

बीडच्या मुलीने विचारलं, "आधी कोण बोललं असेल?" हे म्हणाले, ते लिहिलेलं नाही; पण नव्या करारात या जोडप्याचा उल्लेख सहा वेळा येतो, त्यातल्या चार ठिकाणी बायकोचं नाव आधी आहे. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मिरजेचा मुलगा म्हणाला, "अपुल्लोला राग नसेल आला?" मी म्हटलं, "आला असेलही. तरी तो आत गेला, ते महत्त्वाचं."

रात्री अंगणात बाजेवर बसलो होतो. हे एकदम म्हणाले, "अगं, एक सांगू? त्या स्टेशनवरच्या रात्रीबद्दल मी इतक्यांदा बोललोय, की आता मला ती रात्र आठवते का माझं सांगणं आठवतं, तेच कळत नाही."

इतकी वर्षं मी त्या रात्रीकडे मान वर करून बघत आले. काय बोलावं सुचेना. मग विचारलं, "अहो, मग आज पहाटे प्रार्थनेला कसे बसलात?"

"बसायचं म्हणून बसलो."

"मीही तशीच बसते."

हे हसले नाहीत. माझा हात धरून बराच वेळ बसून राहिले. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली आणि हे बोलणं व्हायला ही परकी मुलं घरात यावी लागली.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

उसाचं गाळप सुरू होऊन तीन आठवडे झाले. बीडच्या मुलीचे आईवडील दिवाळीआधीच निघाले, ते पश्चिमेकडच्या एका कारखान्यावर आहेत. तिने हट्टच धरला की तिला तळावर काम करायचं आहे. इथून जवळच्या एका तळावर आम्ही दोघी सध्या रोज जातोय.

उसाच्या पाचटाच्या कोप्या, आत उभं राहता येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल दोघांच्या नावावर मिळून असते. एकजण आजारी पडला तरी दुसऱ्याच्या मानेवरची उचल तशीच. बाया पहाटे तीनला उठून भाकरी टाकतात आणि अंधारात फडात जातात. मोठी बहीण, नऊ वर्षांची, धाकट्याला कडेवर घेऊन कोपीशी थांबते. ती शाळेत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही गाणी म्हटली. परत येताना मुलगी संतापाने म्हणाली, "बाई, माझ्या लहानपणी पण असेच लोक यायचे. गाणी म्हणायचे, बिस्किटं वाटायचे, फोटो काढून जायचे." आणि मग हळू आवाजात, "मला साक्ष देता येत नाही, कारण मला देवाचा राग येतो." जूनमध्ये तिची दोनच वाक्यं का होती ते तेव्हा कळलं. तिला म्हटलं, तो राग देवाला सांग, आणि उद्या पाटी घेऊन चल. तेव्हापासून रोज संध्याकाळी कंदिलाभोवती बाराखडी आणि पाढे चालतात. ती शिकवते, मी धाकट्यांना सांभाळते. ती शिकवताना बघावं; मुलं तिच्या तोंडाकडे डोळे लावून बसतात, कारण ती त्यांच्यातलीच आहे हे त्यांना ठाऊक आहे.

मुकादमाने परवा विचारलं, "धर्मात घ्यायला आलाय का?" म्हटलं, आम्ही ख्रिस्ती आहोत, लपवत नाही. मुलांना वाचायला शिकवतो. त्यांच्या आईबापांनी विचारल्याशिवाय मुलांना आमची गाणी शिकवणार नाही. त्याने खांदे उडवले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मुलाला पाठवलं. हे म्हणतात, मी फार सावध आहे, सुवार्ता सांगायलाच हवी. यावर आमचं एकमत नाही आणि आम्ही ते मुलांपासून लपवलेलं नाही.

१० डिसेंबर, रविवार

आगमनकाळाचा दुसरा रविवार. मिरजेचा मुलगा आज उपदेशाला उभा राहिला, त्याने आपणहून विचारलं होतं. विषय घेतला ८८ वं स्तोत्र, नाताळ तोंडावर आलेला असताना. आवाज चढवला नाही. मला काही वाटत नाही तरी मी रोज हाक मारतो, असं म्हणाला. सभा संपल्यावर मंडळीतल्या एक बाई, ज्यांचा मुलगा मागच्या वर्षी गेला, त्याच्याशी बोलायला थांबल्या आणि बराच वेळ थांबल्या. यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याची सगळी हकीकत त्यानेच यांना कधीतरी सांगितली होती, मला पत्ता नव्हता.

आजींची तपासणी झाली, थुंकीत जंतू नाहीत. गोळ्या चालू आहेत.

८ जानेवारी २०२४, सोमवार

समितीने विचारलंय, पुढच्या वर्षी नवी मुलं घ्याल का. पत्र यांनी वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी उत्तर लिहिलं, यांनी खाली सही केली. घेऊ म्हणून कळवलं, आणि चार गोष्टी मागितल्या. मुलींच्या न्हाणीघराच्या दाराला आतून कडी बसवून द्यावी. पहिल्याच आठवड्यात एक दिवस आशाताई आणि आरोग्य केंद्राच्या लोकांबरोबर ठेवावा. गाळप संपेपर्यंत तळावरच्या वर्गासाठी पाट्या, वह्या आणि दोन चांगले दिवे द्यावेत. आणि मुलाखतीत कुणाची साक्ष लहान आहे किंवा नाहीच, एवढ्यावरून त्याला परत पाठवू नये, आमच्याकडे पाठवावं.

चौथी मागणी वाचून हे म्हणाले, "समिती कारण विचारेल." म्हटलं, विचारू दे, सांगायला मी येईन. बैठक २० तारखेला नगरला आहे.